हात पाहून अवलक्षण

वाचकहो, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला तुमच्यापैकी पुष्कळ जण जात असतील. तापीकाठच्या एकमुखी दत्ताचे दर्शन घ्यावे, घोडेबाजारात एक फेरी मारावी, घोडा घ्यायचा नसला तरी त्याचे दात पाहून किंमत विचारावी आणि घरच्यांसाठी काहीबाही घेऊन परत फिरावे, हा आपल्या भागातला जुना परिपाठ. त्या गर्दीत, पाळण्यांच्या पलीकडे, एक गोष्ट हमखास दिसते. फडक्यावर रंगवलेला भलामोठा पंजा, त्यावर आयुष्यरेषा, मस्तकरेषा, हृदयरेषा अशी नावे, खाली सतरंजी, सतरंजीवर भिंग घेऊन बसलेला माणूस, आणि त्याच्यापुढे हात उताणा करून बसलेला आपल्यातलाच कोणी तरी. पाहिले आहे ना?

मी त्या यात्रेत तसाच बसलेलो आहे. तेही हात दाखवणाऱ्याच्या जागी नाही, पाहणाऱ्याच्या जागी. कृषी विस्तार अधिकाऱ्याने हे उद्योग कशाला करावेत, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. तेच सांगायला आज बसलो आहे. शिवाय रनाळ्याच्या एका शेतकऱ्याचे देणे माझ्या अंगावर आहे, ते पैशाचे नसल्यामुळे असेच फेडावे लागणार.

ही विद्या मी जत्रेत शिकलो नाही. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी. करीत असताना वसतिगृहातल्या एका मित्राजवळ किरोच्या पुस्तकाचे मराठी भाषांतर होते. पहिली पाने फाटलेली, कडा तेलकट. किरो म्हणजे १८६६ साली आयर्लंडात जन्मलेला एक गृहस्थ. खरे नाव विल्यम वॉर्नर. ग्रीक भाषेत हाताला जो शब्द आहे त्यावरून त्याने हे नाव घेतले. आपण ही विद्या हिंदुस्थानात, कोकणातल्या ब्राह्मणांकडून शिकलो, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. खरेखोटे तोच जाणे. पण आपल्याकडच्या सामुद्रिकाला विलायतेची हवा लागून ते छापील पुस्तकाच्या रूपाने परत आले की आपल्याला ते अधिक खरे वाटते, एवढे मात्र मी वसतिगृहातच पाहिले. परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या खोलीत हात दाखवणाऱ्यांची रांग लागत असे. किती विषय निघतील, हा सगळ्यांचा एकच प्रश्न. मी सर्वांना सगळे विषय काढून देत असे. माझे स्वतःचे दोन राहिले, ते कोणी मनावर घेतले नाही.

पुढे नोकरी लागली. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, त्याला दोन वर्षे झाली असतील. रनाळे गावाने गणेशोत्सवात माझे माती परीक्षणावर भाषण ठेवले होते. नंदुरबारहून दोंडाईच्याकडे जाताना हे गाव लागते. तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग. पावसाने नेहमीच हात आखडता घेतलेला. भाषणाला अकरा माणसे होती, त्यांत चार मंडळाचे कार्यकर्ते. नमुना कसा काढायचा, खड्डा इंग्रजी व्ही अक्षरासारखा कसा घ्यायचा, चार भाग करून दोन कसे टाकायचे, हे मी तळमळीने सांगितले. ऐकणारे जांभया देत होते. भाषण संपल्यावर चहा पिता पिता एका पोराचा हात मी सहज हातात घेतला आणि म्हणालो, "तुझे शिक्षणात लक्ष नाही, पण हातात कला आहे." दहा मिनिटांत मांडवात उभे राहायला जागा उरली नाही. माझ्या भाषणाला न आलेले सगळे गाव हात धुऊन आले होते.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते? मी ठरवले की हे आमिष चांगले आहे. त्याच वर्षीच्या दत्तजयंतीला यात्रेत आमच्या खात्याचा मांडव होता. पाटीवर कपाशीच्या जाती, बाटल्यांत भरलेल्या अळ्या, माहितीपत्रकांचे गठ्ठे. माणसे येत, अळ्या पाहून तोंड वाकडे करीत आणि समोरच्या पंजाच्या फडक्याकडे जात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सहकाऱ्याने पुठ्ठ्यावर 'हात पाहून शेतीसल्ला, मोफत' असे लिहून तो टेबलाला टांगला. वरिष्ठांनी पाहिले, हसले, आणि अभिप्रायाची वही भरते आहे म्हटल्यावर काही बोलले नाहीत.

आता सांगायला हरकत नाही. हात पाहून सांगणे फारसे कठीण नाही. रेषांकडे पाहायचे असते ते समोरच्याला दाखवण्यासाठी. खरे पाहायचे ते बाकीचे. कापूस वेचणाऱ्याच्या नखांच्या कडा बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेल्या असतात. कुदळीचे घट्टे बोटांच्या मुळाशी, विळ्याचे वेगळ्या जागी. रोज धार काढणाऱ्याचे अंगठे जाड होतात. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बाईचा हात हातात घेतला की तिच्या बोटांची आग तुम्हाला कळते, कारण ती हात सारखा फुंकत असते. एवढे पाहिले की बोलायला सुरुवात करावी: "पैसा येतो, पण हातात टिकत नाही." कापूस लावणाऱ्या कोणाच्या हातात तो टिकला आहे? "घरात एका माणसाशी पटत नाही." एकत्र कुटुंबात हे खोटे ठरायचे असेल तर माणसाने एकटेच राहावे लागेल. "तुम्ही दुसऱ्याचे पुष्कळ केले, तुमचे कोणी केले नाही." यावर तर डोळ्यांत पाणी येते. आणि एकदा पाणी आले की पुढची हकीगत तो माणूस आपणहून सांगतो. ज्योतिषाने फक्त मान हलवायची.

अमेरिकेतल्या बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने १९४८ साली याचा छान प्रयोग केला. विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी ४.२६ गुण पडले. मग त्याने उलगडा केला की सगळ्यांना एकच वर्णन दिले होते, आणि त्यातली वाक्ये बाजारात मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतली होती. आपल्याकडे २००८ साली डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात ज्योतिषाची चाचणी घेतली. ती कुंडल्यांची होती, हातांची नव्हे. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखा म्हटले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. त्यांत सर्वांत अधिक बरोबर आलेल्याची २४ जुळली, आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली होती. नाणे उडवले असते तरी निम्मी जुळली असती.

हे मला आज माहीत आहे. तेव्हा फोररचे नावही ऐकले नव्हते, पण युक्ती हाताला लागली होती. हात हातात घ्यायचा, दोन वाक्ये त्याच्या सुखदुःखाची बोलायची आणि तिसरे वाक्य आपल्या खात्याचे. "शनीचा उंचवटा दबलेला दिसतो, तेव्हा बियाणाला बुरशीनाशक चोळल्याशिवाय भुईमूग पेरू नका." "गुरू चांगला आहे, पण मातीची तपासणी मागतो." शनीच्या नावावर मी थायरम खपवले, वाचकहो. तीन दिवसांत माती परीक्षणाच्या पिशव्या संपल्या. वर्षभर भाषणे करून जे जमले नव्हते ते हात धरून जमले, म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रनाळ्याचा एक शेतकरी आला. चाळिशीचा असेल. गणपतीतही त्याने हात दाखवला होता, असे त्याने सांगितले. मला आठवत नव्हते. त्याच्या मागे त्याची बायको पिशवी घेऊन उभी होती. तो बसला, हात पुढे केला आणि विचारले, "सायेब, मन्हा हातमा पानी शे का?"

चार एकर कोरडवाहू. विहीर नाही. शेजाऱ्याच्या विहिरीवर मिरची उभी दिसते आणि आपली ज्वारी वाळते, हे त्याला तीन वर्षे सहन होत नव्हते. कूपनलिका करावी की नको, एवढेच त्याला विचारायचे होते. दिवसभर बोलून माझा घसा बसला होता. तळहाताच्या खालच्या कडेला करंगळीच्या बाजूने जो फुगवटा असतो त्याला चंद्राचा उंचवटा म्हणतात, आणि सामुद्रिकात चंद्राकडे पाण्याचे खाते आहे. त्याचा तो उंचवटा भरलेला होता. कष्टकऱ्याचा असतोच. मी म्हणालो, "चंद्र चांगला आहे. पाणी आहे हातात." आणि खात्याचे तिसरे वाक्य म्हणून ठिबक सिंचनाचे माहितीपत्रक त्याच्या हातात दिले.

ते पत्रक त्याने घडी करून टोपीत ठेवले, हे मला आजही दिसते.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी बियाणे वाटपाच्या कामाने मी रनाळ्याला गेलो. त्याचे घर वाटेवर होते. अंगणात खुंट्याला बैल नव्हते. त्याने मला खाटेवर बसवले, पाणी दिले. मी विचारले, "बैल कुठे?" तो म्हणाला, "इकात." मग थोडे थांबून सगळे सांगितले. फेब्रुवारीत पहिली कूपनलिका घेतली, दोनशे फुटांवर नुसता धुरळा. मशीनवाला म्हणाला, आणखी एक जागा पाहू. दुसरी तीनशे फूट. तीही कोरडी. पहिलीला सोसायटीचे पैसे गेले, दुसरीला सावकाराचे, आणि सावकाराला द्यायला बैलजोडी गेली. पेरणी आता कोणाच्या तरी उसन्या बैलांवर.

मला काय बोलावे सुचेना. चूक झाली, असे काही तरी मी पुटपुटलो. तो उलट माझीच समजूत घालू लागला. "तुमनी काय चूक सायेब? मन्हं नशीबच तसं." चुलीपाशी बसलेली त्याची बायको तोवर बोलली नव्हती. ती मान वर न करता म्हणाली, "हात आमना व्हता सायेब, पन बोल तुमना व्हता."

आपल्या खानदेशातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी हात पाहायला दारात आलेल्या ज्योतिषाला परत पाठवल्याची कविता तुम्हाला ठाऊक आहे. शाळा न पाहिलेली, तरुणपणी वैधव्य आलेली बाई. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. शाळेत मी ती कविता चालीवर म्हटली होती आणि गुणही मिळवले होते. तिच्यातल्या ज्योतिषाला कसे वाटले असेल, हा प्रश्न मास्तरांनी विचारला नव्हता. त्या चुलीपाशी मला त्याचे उत्तर मिळाले.

खरे लाजिरवाणे आणखी पुढेच होते. चहा झाल्यावर मी त्याच्याबरोबर शेतात गेलो. यात्रेच्या आधी जायला हवे होते. तुम्ही आमच्या भागात फिरला असाल तर पाहिले असेल, काळ्या दगडांच्या लांबच लांब धारा शेतांतून, माळांतून, टेकड्यांवरून बहुधा पूर्व-पश्चिम गेलेल्या दिसतात. जणू कोणी कोसावर कोस भिंत रचत नेली आणि ती ढासळली. लाव्हारस थिजून आपला हा काळा कातळ झाला, त्याच्या भेगांत खालून पुन्हा रस घुसला आणि त्या उभ्या भिंती झाल्या. भूगर्भशास्त्रात त्यांना डाईक म्हणतात, आणि नंदुरबार-धुळ्याचा पट्टा त्यासाठी अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे. ही भिंत घट्ट असेल तर जमिनीखालचे पाणी तिच्या वरच्या अंगाला अडते आणि खालचे अंग कोरडे राहते. ती तडकलेली असेल तर तिच्याच भेगांत पाणी सापडते. जागोजागी वेगळे; म्हणून पाहावे लागते.

त्याच्या शेताच्या वरच्या बांधाला लागून अशी एक धार गेली होती. धारेच्या वर शेजाऱ्याची विहीर. दोन्ही कूपनलिका धारेच्या खाली. पुढे भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे एक भूवैज्ञानिक त्या बाजूला आले तेव्हा मी त्यांना तिथे नेले. त्यांनी दगड पाहिला, आजूबाजूच्या विहिरी पाहिल्या आणि हाच अर्थ सांगितला. ही यंत्रणा १९७२ सालापासून आहे. बी.एस्सी.ला मी भूगर्भशास्त्र शिकलो होतो. त्या माणसाच्या तळहातावरची रेघ मी भिंगातून पाहिली आणि त्याच्या शेतातली पुरुषभर रुंदीची रेघ पाहायला गेलो नाही.

त्या वर्षीच्या दत्तजयंतीला पुठ्ठा टांगला नाही. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी पलीकडच्या पंजाच्या फडक्यापाशी जाऊन बसलो. तो म्हातारा वडिलोपार्जित धंदा करणारा जोशी होता. आपल्या राज्यात भटक्या जमातींच्या यादीत जोशी समाजाच्या नावाखाली कुडमुडे, मेढंगी, बुडबुडकी, सरोदे अशी कितीतरी पोटनावे आहेत. त्यांतल्याच एका घरचा. मी त्याला रनाळ्याची हकीगत सांगितली. वाटले, हा हसेल. तो हसला नाही. बिडी विझवली आणि म्हणाला, "साहेब, आम्ही विहिरीचे सांगत नाही. मरणाचे सांगत नाही. मुलगा की मुलगी, तेही सांगत नाही. आम्हाला पुढच्या वर्षी याच यात्रेत यायचे असते."

मी विचारले, मग सांगता तरी काय? तो म्हणाला, "तो जे ठरवून आलेला असतो ते. दहा जणांत आठ ठरवून येतात. फक्त कोणी तरी हो म्हणायला पाहिजे असते. ज्याचे ठरलेले नसते त्याला म्हणायचे, सहा महिने थांब. सहा महिन्यांत त्याचे तोच ठरवतो." आणि जरा वेळाने, "तुम्ही शिकलेले. तुमच्या मागे सरकारचा मांडव. आमचे बोलणे माणूस अर्धे घरी नेतो, अर्धे यात्रेत टाकून जातो. तुमचे सगळे नेले असेल."

त्याचा धंदा खोटा, हे मला मान्य आहे. त्याचा नेम मात्र खरा होता, आणि माझ्याजवळ नेम नव्हता. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ प्रशिक्षणे घेतली. सल्ला कुठे देऊ नये, हे मला त्या सतरंजीवर जेवढे कळले तेवढे दुसरीकडे कुठे कळले नाही.

याच संदर्भात एक गंमत सांगतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतर आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या शेवटाकडे, कोणत्या गोष्टींना हा कायदा लागू नाही त्यांची यादी आहे. तिच्यात एकाच ओळीत वास्तुशास्त्राचा सल्ला आहे, ज्योतिषी आहेत, नंदीबैलवाले आहेत आणि जमिनीतले पाणी सांगणारा पाणाडीही आहे. मी ती यादी वाचली आणि मनात म्हटले, या ओळीत आपलेही नाव शोभले असते. कायद्याने आपल्याला सोडले. रनाळ्याच्या त्या बाईने सोडले नाही, आणि ते बरे केले.

मग हात पाहणे सोडले का? भविष्य सांगणे सोडले. हात मात्र मी अजूनही पाहतो, यात्रेत, ग्रामसभेत, कोणाच्या ओसरीवर. कारण एक गोष्ट मला विसरता येत नाही. त्या तीन दिवसांत माझ्यापुढे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचा हात, लहानपणानंतर कोणी असा दहा मिनिटे हातात धरून ठेवलेलाच नव्हता. डॉक्टर नाडी पाहून सोडतो. तलाठी अंगठा घेऊन सोडतो. बँकेत तर काचेआडून बोलायचे. माणसे भविष्य ऐकायला येतात हे खरे, पण त्यातली निम्मी तरी कोणी आपली विचारपूस करावी म्हणून येतात. ती करायला रेषा लागत नाहीत.

तुम्हीही घरच्यांचे हात एकदा पाहा. रेषांचे सोडा. त्या आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत पडून गेलेल्या असतात. कापडाला घडी पडते तशी तळहाताची कातडी जिथे मुडपते तिथे त्या पडतात, आणि मुलाच्या लग्नाची तारीख त्यांना ठाऊक नसते. पाहायचा तो रंग. तळहात पांढुरका, मेणासारखा दिसत असेल तर अंगात रक्त कमी असण्याचा संभव आहे. आशाताई आणि दवाखान्यातल्या नर्सबाईही लहान मुलाचा तळहात त्यासाठीच पाहतात. आपल्या जिल्ह्यात आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो, तेव्हा रक्त तपासून घ्यावे, अंदाजावर राहू नये. मिरचीने हात भाजत असतील तर नुसते पाणी ओतून उपयोग नाही. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आधी गोडे तेल चोळावे, मग साबणाने धुवावे.

आणि फवारणी करणाऱ्याचा हात. हा मी अजूनही रागावून पाहतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विष काही तोंडानेच जाते असे नाही, कातडीतूनही जाते. आणि टाकीत औषध कालवताना बुडतो तो हातच. घरात हातमोजे आहेत का, असे विचारले की बहुतेक ठिकाणी उत्तर येते, आहेत, पण घाम येतो. मग मी त्याचा हात धरून ठेवतो आणि सोडत नाही. कोणी म्हणेल हा जुनाच धंदा करतो आहे. असेल. शनीचे नाव मात्र घेत नाही.

रनाळ्याच्या त्या शेतकऱ्याकडे माझे जाणे-येणे राहिले. बैलजोडी पुन्हा उभी राहायला त्याला चार वर्षे लागली. २०१६ साली मागेल त्याला शेततळे ही योजना आली तेव्हा त्याचा अर्ज मी स्वतः भरला, आणि तळ्याची जागा ठरवताना तीनदा शेतात जाऊन आलो. तिसऱ्या वेळी त्याची बायको म्हणाली, आता तरी चहा पिऊन जा. एवढ्या वर्षांत तिने मला चहाला थांबवले ते पहिल्यांदा.

परवा तो मला गावातल्या सेवा केंद्रावर भेटला. आता पासष्टीचा आहे. किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार येतात, त्यासाठी अंगठ्याची ओळख पटवायची होती. केंद्र चालवणाऱ्या मुलाने त्याचा अंगठा यंत्रावर ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. लाल. मग दुसरा अंगठा, मग एकेक करून बोटे. चाळीस-पन्नास वर्षे माती, दगड आणि दोर यांवर घासून त्याच्या बोटांवरच्या बारीक रेघा पुसट झाल्या होत्या. अशा पुष्कळ जणांच्या होतात, कामाची माणसे तेवढी या यंत्राला ओळखू येत नाहीत. मी त्याचा हात हातात घेतला, ओल्या फडक्याने पुसला, चोळून गरम केला, पुन्हा यंत्रावर दाबून धरला. लाल.

मुलगा कंटाळून म्हणाला, "आजोबा, तुमच्या हातावर काहीच नाही."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. तोंडात दात फार उरलेले नाहीत, पण हसला की सगळा चेहरा हसतो.

"काय सायेब," तो म्हणाला, "तुमले तं पानी दिसनं व्हतं!"

शेवटी मुलाने मोबाइलवर त्याचा चेहरा धरला, डोळे मिचकवा म्हणाला, आणि ओळख पटली. आम्ही बाहेर येऊन समोरच्या टपरीवर चहा घेतला. पैसे मी देत होतो, त्याने माझा हात धरला आणि देऊ दिले नाहीत.